४७१ जणींचा निकाल : प्रोजेस्टेरॉनच्या चाचणीतला एक उपगट

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'मध्ये एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याआधी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं, तर पुढे रोग उलटणं आणि मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न होता. औषध होतं हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, ५०० मिलिग्रॅम, स्नायूत. जुनं, सहज मिळणारं, कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी नर्सला देता येईल असं. १,००० स्त्रियांचं रँडम, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, वाटप झालं : काहींना आधी इंजेक्शन आणि मग शस्त्रक्रिया, बाकीच्यांना नुसती शस्त्रक्रिया.

जैवसांख्यिकी शिकवताना मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा घेते. यात लपवाछपवी नाही आणि निष्काळजीपणाही नाही. चाचणी नीट आखलेली आहे, लेखकांनी निष्कर्षही जपून लिहिला आहे. अडचण वाचणाऱ्यापुढे उभी राहते, कारण निकालात दोन वाक्यं आहेत आणि ती दोन दिशांना ओढतात.

प्रश्न कुठून आला, ते थोडक्यात. १९९१ साली बडवे आणि लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये पाळी सुरू असलेल्या २४९ रुग्णांची जुनी कागदपत्रं तपासून एक चकित करणारा फरक दाखवला होता. शेवटच्या पाळीनंतर ३ ते १२ दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया १० वर्षांनी हयात होत्या, इतर दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८४ टक्के. पाळीच्या पहिल्या भागात प्रोजेस्टेरॉनचा विरोध नसलेलं इस्ट्रोजेन असतं, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी प्रोजेस्टेरॉन असणं हिताचं असावं, असा तर्क पुढे आला. पण हा जुन्या नोंदींचा अभ्यास होता. कोणत्या बाईची शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी झाली, हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. इतरांनी केलेल्या अशा अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळलेही नाहीत. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा रँडम वाटपाची चाचणी करणं हाच खरा मार्ग, आणि मुंबईत तो धरला गेला. याचं मला आजही मोल वाटतं.

आता निकाल. पात्र ठरलेल्या ९७६ स्त्रियांचा मध्यक फॉलो-अप ६५ महिने. या काळात २७३ जणींचा रोग उलटला, २०२ मृत्यू झाले. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन गटात ७३.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ७०.२ टक्के. हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर) ०.८७, त्याची ९५ टक्के मर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याचा संभव आहे तो) ०.६८ ते १.०९, पी-व्हॅल्यू (फायदा नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.२३. हयात असण्याचं प्रमाण ८०.२ विरुद्ध ७८.४ टक्के, हॅझार्ड रेशो ०.९२, पी ०.५३. हॅझार्ड रेशो १ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखा. ०.८७ म्हणजे इंजेक्शन गटात धोका अंदाजे १३ टक्क्यांनी कमी दिसला, पण मर्यादा १ च्या पलीकडे जाते. म्हणजे काहीच फायदा नसतानाही इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसू शकतो. हे पहिलं वाक्य.

दुसरं वाक्य काखेतल्या लिम्फ गाठींमध्ये कर्करोग पोचलेल्या, म्हणजे नोड-पॉझिटिव्ह, ४७१ स्त्रियांबद्दल आहे. त्यांच्यात पाच वर्षांनी रोगमुक्त ६५.३ टक्के विरुद्ध ५४.७ टक्के. हॅझार्ड रेशो ०.७२, मर्यादा ०.५४ ते ०.९७, पी ०.०२. हयात ७५.७ विरुद्ध ६६.८ टक्के, हॅझार्ड रेशो ०.७०, पी ०.०४. दर शंभरात साधारण दहा-अकरा जणींचा रोग पाच वर्षांत उलटायचा टळला, असा याचा सरळ अर्थ.

शस्त्रक्रिया विभागाच्या निवासी डॉक्टरांच्या एका वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, मग देऊन टाकायचं ना? एक इंजेक्शन आहे, स्वस्त आहे, त्रास काही नाही. माझ्या वॉर्डातल्या निम्म्या बायका नोड-पॉझिटिव्ह असतात."

तिचा प्रश्न मला मनापासून पटतो. औषध महाग असतं, विषारी असतं, तर कुणी घाई केली नसती. स्वस्त आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या औषधाच्या बाबतीतच पुराव्याची पट्टी नकळत खाली येते. म्हणून मी तिला म्हटलं, "अगं, आधी एक सांग. हा उपगट मोजायचा, हे चाचणीआधी ठरलं होतं की आकडे बघून?" तिने शोधनिबंध उघडून पाहिलं. आधी ठरलं होतं. गाठींच्या स्थितीनुसार विश्लेषण करायचं हे नियोजित होतं, असं निबंध स्पष्ट म्हणतो.

ही जमेची बाजू आहे आणि मोठी आहे. कुणी वय, वजन, ट्यूमरचा आकार, रक्तगट असे दहा उपगट पाडले आणि औषधाचा कशातच उपयोग नसला, तरी त्यातल्या एखाद्यात पी ०.०५ च्या, म्हणजे निकाल 'लक्षणीय' मानण्याच्या रूढ रेषेच्या, खाली येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. हा आरोप इथे लागू होत नाही. एकच विभागणी, आधी ठरवलेली, आणि तिच्यामागे जीवशास्त्रीय कारण : गाठींपर्यंत पोचलेला रोग शरीरात इतरत्रही सूक्ष्म प्रमाणात पसरलेला असण्याचा संभव जास्त, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळच्या उपायाचा परिणाम तिथे जास्त दिसावा.

पण आधी ठरवलेला उपगट म्हणजे सिद्ध झालेला उपगट, असं होत नाही. नोड-पॉझिटिव्हमध्ये पी ०.०२ आणि उरलेल्यांत पी ०.०५ च्या वर, एवढ्यावरून 'औषध इथे चालतं, तिथे चालत नाही' म्हणणं ही वैद्यकीय लेखनातली फार जुनी चूक. दोन उपगटांतल्या परिणामांचा एकमेकांतला फरक योगायोगापेक्षा मोठा आहे का, हे थेट तपासावं लागतं. त्याला इंटरॲक्शन टेस्ट म्हणतात. या निबंधात ती केली आहे आणि तिचा पी ०.०४ आहे. कागदावर हेही पार.

इथपर्यंत आल्यावर वर्गातले बहुतेक जण इंजेक्शनच्या बाजूला झुकतात. मग मी दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारते. वर्गाची सरासरी ६० आणि त्यातल्या अर्ध्या मुलांची ७० असेल, तर उरलेल्या अर्ध्यांची ५० असणारच. इथेही तसंच. सगळ्यांचा मिळून ०.८७, एका भागाचा ०.७२, तर नोड-निगेटिव्ह स्त्रियांचा किती?

निबंधाच्या सारांशात तो आकडा दिलेला नाही, एवढंच म्हटलं आहे की त्यांच्यात लक्षणीय परिणाम दिसला नाही. पण छापलेल्या आकड्यांवरून त्याचा अंदाज साध्या कॅल्क्युलेटरवर निघतो, आणि हे गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करावं असा माझा आग्रह असतो. नोड-पॉझिटिव्ह गटातल्या मर्यादा ०.५४ आणि ०.९७. त्यांचे नैसर्गिक लॉग उणे ०.६१६ आणि उणे ०.०३०. दोहोंतलं अंतर ०.५८६. ते ३.९२ ने भागलं की ०.१४९ येते, ही लॉग हॅझार्ड रेशोची प्रमाणचूक, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे याचं माप. दोन गट साधारण समान असतील तर ही प्रमाणचूक म्हणजे २ भागिले इव्हेंटच्या (इथे रोग उलटण्याच्या घटनांच्या) संख्येचं वर्गमूळ. उलट सोडवलं की नोड-पॉझिटिव्ह स्त्रियांतले इव्हेंट येतात सुमारे १८०. ही पद्धत भरवशाची आहे का, ते एकूण निकालावर पडताळता येतं. ०.६८ ते १.०९ वरून २७६ येतात, छापलेला आकडा २७३. म्हणजे पद्धत चालते.

तर नोड-निगेटिव्ह स्त्रियांत उरले सुमारे ९३ इव्हेंट. इव्हेंटचं वजन देऊन सरासरी उलगडली की त्यांचा हॅझार्ड रेशो सुमारे १.२५ येतो, मर्यादा अंदाजे ०.८ ते १.९. हा माझा अंदाज आहे, निबंधातला आकडा नव्हे. पण दोन उपगटांतला फरक याच अंदाजावरून तपासला तर पी सुमारे ०.०३ येतो, म्हणजे छापलेल्या ०.०४ च्या अगदी शेजारी. त्यामुळे आपण फारसे भरकटलेलो नाही.

१.२५ हा आकडा फळ्यावर आला की वर्गात सगळे सावरून बसतात. दर्शनी अर्थ असा की नोड-निगेटिव्ह स्त्रियांत इंजेक्शन घेतलेल्यांचा रोग जास्त उलटला. मर्यादा १ च्या दोन्ही बाजूंना भरपूर पसरलेली आहे, त्यामुळे अपाय सिद्ध झाला असं मुळीच नाही. पण नोड-पॉझिटिव्हमधला फायदा जसाच्या तसा खरा मानायचा, तर दुसऱ्या बाजूचा हा कलही त्याच चाचणीतून, त्याच पद्धतीने आलेला आहे. एक खरा आणि दुसरा योगायोग, असं सोयीने म्हणता येणार नाही.

मूळ तर्क आठवून पाहा. सूक्ष्म पसरण जास्त असलेल्या स्त्रियांना फायदा, आणि जिथे पसरण कमी तिथे परिणाम जवळजवळ शून्य, म्हणजे हॅझार्ड रेशो १ च्या आसपास. तर्क इतकंच सांगतो. प्रोजेस्टेरॉन नोड-निगेटिव्ह स्त्रियांना बाधेल, असं त्यात कुठेच नाही. एकाच औषधाने एका गटाला तारणं आणि शेजारच्या गटाला मारणं हे कर्करोगाच्या चाचण्यांत क्वचितच टिकतं. म्हणून इंटरॲक्शनच्या ०.०४ मधला काही भाग नोड-निगेटिव्ह गट योगायोगाने वर सरकल्यामुळे आला असणं शक्य आहे. तो वर सरकला असेल, तर तितक्याच सहजपणे दुसरा गट खालीही सरकलेला असू शकतो.

मग खरा परिणाम किती धरावा? एक मार्ग असा : सुरुवातीलाच गृहीत धरायचं की उपगट सरासरीपासून फार दूर जात नाहीत, बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या आत असतात. हे शंकेखोर गृहीतक आहे, पण अवाजवी नाही. ते घेऊन हिशेब केला की नोड-पॉझिटिव्ह स्त्रियांतला ०.७२ सरासरीकडे ओढला जातो आणि ०.८२ च्या आसपास येतो. गृहीतक सैल केलं की ०.७२ च्या जवळ राहतो, घट्ट केलं की ०.८७ कडे जातो. सर्वांत देखणा आकडा निवडून घेतला की तो बहुधा वास्तवापेक्षा देखणाच असतो, आणि पुढची चाचणी किती मोठी करायची हे ठरवताना त्याची किंमत मोजावी लागते.

मूळ चाचणीच्या ताकदीबद्दलही इथेच सांगते. २७३ इव्हेंट असलेली चाचणी ८० टक्के खात्रीने पकडू शकते तो हॅझार्ड रेशो सुमारे ०.७१ किंवा त्याहून चांगला. ०.८७ इतका सौम्य फायदा त्याच खात्रीने पकडायला १,६०० च्या वर इव्हेंट लागले असते. म्हणून पी ०.२३ चा अर्थ 'औषध निरुपयोगी' असा वाचणंही चूक आहे. १३ टक्के घट खरी असेल तर तिला दिसायला ही खिडकी लहान होती. स्त्रियांची संख्या हजारभर होती म्हणून अभ्यास मोठा वाटतो, पण अशा चाचणीत बळ इव्हेंटच्या संख्येतून येतं, भरती केलेल्या माणसांच्या संख्येतून नव्हे.

आता निवासी डॉक्टरांच्या नजरेतून सहसा सुटणारी गोष्ट, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची. इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी द्यायचं. काखेतल्या गाठी पॉझिटिव्ह आहेत की नाहीत हे खात्रीने कळतं शस्त्रक्रियेनंतर, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर. म्हणजे ज्या ४७१ जणींना फायदा झाला असं आपण म्हणतो, त्या ४७१ जणी इंजेक्शन देण्याच्या दिवशी कोण होत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

यातून दोन अडचणी निघतात. पहिली संख्याशास्त्रीय. रँडम वाटपानंतर ठरणाऱ्या गोष्टीवरून गट पाडले तर उपचाराचाच त्या विभागणीवर परिणाम झालेला असू शकतो, आणि मग तुलना न्याय्य राहत नाही. एकाच इंजेक्शनने आठवडा-पंधरवड्यात गाठींतला रोग नाहीसा होईल हे असंभाव्य वाटतं, पण वाटण्यावर न राहता दोन्ही गटांत नोड-पॉझिटिव्हचं प्रमाण सारखं आहे का ते पाहायचं असतं. दुसरी अडचण वॉर्डातली. माझ्या विद्यार्थिनीला 'नोड-पॉझिटिव्ह बायकांना इंजेक्शन देऊ' असं ठरवायचं असेल तर ते देण्याच्या दिवशी तिच्या हातात रिपोर्ट नाही. तिला ते सगळ्यांना द्यावं लागेल. आणि सगळ्यांना दिलं तर लागू होणारा निकाल कोणता? ०.८७, पी ०.२३. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, हा उपगट मला वापरताच येत नाही." शस्त्रक्रियेआधी काखेची सोनोग्राफी करून संशयित गाठीतून सुईने नमुना घेतला तर काही जणींची स्थिती आधी कळते, सगळ्यांची नाही.

लेखकांनी स्वतः काय लिहिलं, तेही सांगायला हवं. सर्व स्त्रियांत या इंजेक्शनने निकाल सुधारला नाही. नोड-पॉझिटिव्ह स्त्रियांत सुधारणा दिसली, आणि पुन्हा सिद्ध झाली तर साधनं तुटपुंजी असलेल्या ठिकाणी उपचाराची रीत बदलू शकेल. त्यातल्या 'पुन्हा सिद्ध झाली तर' या अटीवर सगळं उभं आहे, आणि ती त्यांनी निष्कर्षातच घातली, याबद्दल मला आदर आहे.

याच टाटा मेमोरियलच्या पुढच्या एका चाचणीशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. २०२३ साली त्याच जर्नलमध्ये बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटं ट्यूमरभोवती ०.५ टक्के लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचण्याची चाचणी प्रसिद्ध केली. १,६०० स्त्रियांचं रँडम वाटप, विश्लेषणात १,५८३. लिडोकेन गटात १०९ इव्हेंट, दुसऱ्यात १४६. पाच वर्षांनी रोगमुक्त ८६.६ विरुद्ध ८२.६ टक्के. हॅझार्ड रेशो ०.७४, मर्यादा ०.५८ ते ०.९५, पी ०.०१७. हयात ९०.१ विरुद्ध ८६.४ टक्के. इथे मुख्य प्रश्नाचं उत्तर सर्व स्त्रिया मिळून आलं. रजोनिवृत्ती, ट्यूमरचा आकार, गाठी, हार्मोन रिसेप्टर या उपगटांत परिणाम साधारण सारखाच होता. उपगटांना इथे निकाल शोधून काढायचा नव्हता, सापडलेला निकाल सगळीकडे सारखा आहे का एवढंच सांगायचं होतं. चाचणी खुली होती, खोटं इंजेक्शन कुणाला दिलेलं नव्हतं, हा आक्षेप घेता येतो आणि घ्यावा. रोग उलटल्याचं निदान करताना डॉक्टरांना गट माहीत असू शकतो. मृत्यूच्या नोंदीत मात्र अशा पूर्वग्रहाला फारशी जागा नसते, आणि तिथेही हॅझार्ड रेशो ०.७१, पी ०.०१९ आला.

आता प्रोजेस्टेरॉनचा प्रश्न पुन्हा विचारायचा, तर चाचणी कशी आखावी? वर्गाला मी हाच गृहपाठ देते. ०.७२ खरा धरला तर ८० टक्के ताकदीसाठी नोड-पॉझिटिव्ह स्त्रियांत सुमारे २९० इव्हेंट हवेत. मूळ चाचणीइतकाच रोग उलटत असेल तर पाच वर्षांच्या फॉलो-अपसाठी अशा सुमारे ७२० स्त्रिया. निम्म्याच जणी नोड-पॉझिटिव्ह निघतात आणि ते नंतर कळतं, म्हणून भरती सुमारे १,५०० ची. पण वर काढलेला ०.८२ धरला तर इव्हेंट लागतात ८०० च्या घरात, आणि भरती जाते चार हजारांच्या जवळ. आजच्या सुधारलेल्या उपचारांमुळे रोग उलटण्याचं प्रमाण तेव्हापेक्षा कमी असेल, तर त्याहूनही वर. ०.७२ वर विसंबून १,५०० ची चाचणी केली आणि खरा परिणाम ०.८२ निघाला, तर पुन्हा तोच गोंधळ हाती येईल : फायद्याकडे कल, पण पी ०.०५ च्या वर.

मी स्वतः भरती शस्त्रक्रियेआधीच्या सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीवर आधारेन. तपासणीत गाठ पॉझिटिव्ह ठरलेल्या आणि न ठरलेल्या अशा दोन थरांत वाटप करेन, म्हणजे विभागणी वाटपाआधीच पक्की होते आणि वॉर्डातल्या डॉक्टरलाही वापरता येते. पहिली कसोटी पॉझिटिव्ह थरात, पूर्ण ०.०५ वर. ती पार झाली तरच त्याच ०.०५ वर सर्व स्त्रियांची कसोटी, म्हणजे दोनदा नशीब आजमावल्याचा दोष राहत नाही. प्राथमिक निकष एकच, रोगमुक्त राहणं. मूळ चाचणीत रोगमुक्त राहणं आणि हयात असणं असे दोन होते. इंजेक्शनसारखंच दिसणारं सलाइनचं इंजेक्शन दुसऱ्या गटाला. आणि गाठ न सापडलेल्या थरासाठी डेटा मॉनिटरिंग कमिटीला (चाचणी चालू असताना आकडे तपासणाऱ्या समितीला) वेगळा नियम : ठरलेल्या इव्हेंटनंतर त्या थराचा हॅझार्ड रेशो वेगळा काढायचा, आणि त्याची खालची मर्यादा १ च्या वर गेली तर त्या थरातली भरती तिथेच थांबवायची. १.२५ चा कल बहुधा योगायोग आहे असं मला वाटतं, पण संमतीपत्रावर सही करणाऱ्या बाईला तो आकडा तिला समजेल अशा मराठीत सांगितल्याशिवाय तिला या चाचणीत घेऊ नये, असं माझं मत आहे.